जुनी एएमटी गाडी, आठ महिने आणि लुकलुकणारा ‘एन’

डाव्या गुडघ्याला क्लच झेपेनासा झाला, म्हणून २०१७ची, ५८ हजार किलोमीटर झालेली एक छोटी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन), म्हणजे क्लचचं पेडल नसलेली, गाडी घेतली. आठ महिने पुण्यात चालवते आहे, दोनदा साताऱ्यालाही नेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हीच रचना बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गाड्यांत असते, आणि मला जे भोगावं लागलं त्यात कंपनीपेक्षा गॅरेजांचा वाटा मोठा आहे.

आधी हे सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या पायाहातांऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा ॲक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम सोडतो एक छोटा कॉम्प्युटर. ड्रायव्हरचं दार उघडलं की ‘घर्रर्र’ असा आवाज येतो ना, तो दाब तयार करणारा पंप. मी पहिले चार दिवस त्या आवाजाला घाबरत होते!

दुसऱ्या महिन्यात दुखणं सुरू झालं. सकाळी दांडा ‘डी’वर (ड्राइव्ह) टाकला की मीटरवर ‘एन’ (न्यूट्रल) लुकलुकायचा आणि गाडी जागची हलायची नाही. कधी स्टार्टरच फिरायचा नाही. बंद करून पुन्हा चालू केली की निमूट निघायची. मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथे दहा मिनिटांत निदान झालं: ॲक्च्युएटर गेला, पूर्ण बदलावा लागेल, ५५ हजार. घरी येऊन मी चहासुद्धा घेतला नाही.

दुसरा गॅरेजवाला म्हणाला, ‘ऑटोमॅटिकचं तेल’ बदलू. ते तेल टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या, गिअरबॉक्सला लागतं. एएमटीच्या गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलसारखंच गिअर ऑइल असतं आणि ॲक्च्युएटरचं तेल वेगळं. हा फरक ज्याला सांगता येत नाही त्याच्या हाती गाडी देऊ नये, असं माझं आता ठाम मत आहे.

तिसऱ्याने, सिंहगड रोडवरच्या एका छोट्या गॅरेजवाल्याने, आधी विचारलं, ‘ताई, कधी होतं? थंड असताना की तापल्यावर? उभ्या गाडीला की चालत्या?’ त्याने बॅटरीला मीटर लावला. रात्रभर उभी राहिल्यावर ११.९ व्होल्ट. चांगली बॅटरी १२.६च्या आसपास हवी. पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही बॅटरीवरच, त्यामुळे व्होल्टेज पडलं की एएमटी अशी रुसते. बॅटरी बदलली आणि त्रास निम्मा झाला. पण निम्माच.

उरलेलं निदान आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी केलं. मी गाडी मागे घेताना म्हणाले, ‘मॅडम, ब्रेक दाबता तेव्हा तुमचे मागचे लाल दिवे कधी लागतात, कधी नाही.’ उभ्या गाडीत ब्रेक दाबल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय कॉम्प्युटर गिअर पडूच देत नाही, आणि तो सिग्नल ब्रेक पेडलजवळच्या एका बोटभर स्विचमधून येतो. स्विच आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये. ‘एन’चं लुकलुकणं त्या दिवसापासून बंद. ५५ हजारांचा ॲक्च्युएटर आजही जुनाच आहे.

क्लच मात्र खरोखर गेला होता. बेसमेंटच्या रॅम्पवर पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये गाडी थरथरायची, करपट वास यायचा. आधीच्या मालकाने चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली असणार. एएमटीत ही सवय म्हणजे क्लच भाजणंच. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी धरून तेरा हजार गेले. गंमत म्हणजे नव्या क्लचवर गाडी आणखीच झटके देऊ लागली. नवा क्लच नेमका कुठे पकडतो हे कॉम्प्युटरला स्कॅनर लावून शिकवावं लागतं, ते राहून गेलं होतं. ते झाल्यावर गाडी लोण्यासारखी. क्लच बदलायच्या आधीच विचारून घ्या, हे शिकवायचा स्कॅनर आहे का. माझ्याकडचं सातशे रुपयांचं ओबीडी यंत्र (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं) इंजिनाचे कोड दाखवतं, गिअरबॉक्सच्या बाबतीत मुकं.

माझी चूक टेस्ट ड्राइव्हची. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली होती आणि मी ती सपाट रस्त्यावर पाच मिनिटं फिरवली. पहाटेच्या थंड गाडीत, रॅम्पवर, रिव्हर्समध्ये फिरवली असती तर क्लचचे पैसे किमतीतून तरी कापले असते. उभ्या गाडीत पंप पुन्हापुन्हा घरघरतो का, हेही ऐकायला हवं होतं. तसा घरघरत असेल तर दाब कुठेतरी सुटतोय. माझ्या नशिबाने तो तेवढा ठीक निघाला.

आता पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना गाडी थोडी मान डोलावते. एएमटीत तेवढं चालायचंच. त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा सोडला तर तेही जाणवत नाही. खंबाटकी घाटात मी दांडा मॅन्युअलवर घेते आणि गिअर स्वतः टाकते. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावताना आरशात ब्रेकचा लाल उजेड दिसला की मगच चावी काढते.