फेंडर की गिब्सन: जुनी गिटार ऑनलाइन घेताना कुठली खोटी लवकर पकडता येते

जुनी इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन घ्यायची असं एकदा डोक्यात बसलं की बघण्यातच महिने जातात, आणि शेवटी बहुतेकांच्या स्क्रीनवर दोनच उरतात, एक फेंडरची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) नाहीतर टेलीकास्टर आणि एक गिब्सनची लेस पॉल नाहीतर एसजी. दोन्हींवर "ऑल ओरिजिनल" लिहिलेलं असतं. आवाज कुठला आवडतो हे तुमचं तुम्हाला माहितीये, त्यात मी पडत नाही. पण गिटार हातात न घेता नुसत्या फोटोंवर पैसे पाठवायचे असतील तर यातल्या कुठल्या गिटारची कुंडली नीट तपासता येते हे आधी बघा, कारण त्या बाबतीत या दोन कंपन्यांच्या गिटारी अजिबात सारख्या नाहीत.

माझं मत आधीच सांगतो, लांबून घेताय तर फेंडर. जुन्या फेंडरचा नेक, म्हणजे गिटारीची मान, बॉडीला स्क्रूने बसवलेला असतो (चार स्क्रू, १९७१ नंतर स्ट्रॅटला तीन), तो कोणीही दहा मिनिटांत काढून फोटो पाठवू शकतो आणि आत जे दिसतं ते बाहेरच्या रंगापेक्षा फार जास्त बोलतं. गिब्सनचा नेक चिकटवलेला, तो निघत नाही, त्यामुळे तिथे पुरावा पिकअपच्या (तारांचं कंपन पकडणारा भाग) खाचेतून आणि कंट्रोल कॅव्हिटीतून (बॉडीतली वायरिंगची पोकळी) थोडा थोडा गोळा करावा लागतो.

फेंडर: चार स्क्रू काढायला लावा

सिरियल नंबरपासून सुरुवात सगळेच करतात, आणि तिथेच थांबतात ही खरी अडचण आहे. १९७६ पर्यंत फेंडरचा नंबर बहुतेक गिटारींवर मागच्या नेक प्लेटवर असायचा, आणि ती प्लेट म्हणजे चार स्क्रूंनी लावलेला एक सुटा पत्रा. १९६३ ते ६५ च्या 'एल' नंबरच्या प्लेटा आणि त्यानंतरच्या मोठा 'एफ' कोरलेल्या प्लेटा, दोन्हींच्या नकला सर्रास मिळतात. शिवाय फॅक्टरीतही प्लेटा डब्यातून हाताला येईल तशा उचलल्या जायच्या, त्यामुळे खरी प्लेट असली तरी ती फक्त अंदाजे काळ सांगते, नेमकं वर्ष नाही.

नेकच्या टाचेवर, म्हणजे जो भाग बॉडीच्या खाचेत बसतो तिथे, तारीख असते. ५० च्या दशकात पेन्सिलने लिहिलेली, आणि १९६२ पासून शाईचा शिक्का. हा शिक्का नीट वाचायला शिका. समजा '२ नोव्हें ६३ बी' असं आहे, तर बरेच विक्रेतेसुद्धा २ नोव्हेंबर असं सांगतात, पण तो २ स्ट्रॅट या मॉडेलचा कोड आहे आणि शेवटचं अक्षर नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी तारा ज्यावरून जातात त्या पट्टीची, रुंदी सांगतं, बी म्हणजे नेहमीची. स्ट्रॅट म्हणून विकणाऱ्याने २७ नोव्हेंबर अशी तारीख आहे म्हणून सांगितलं तर शिक्क्याचा अगदी जवळून फोटो मागा. तारीख नसलेले खरे नेकही सापडतात, त्यामुळे नुसती तारीख नाही म्हणून गिटार खोटी होत नाही, पण मग बाकी सगळ्याने जास्त घट्ट साक्ष द्यायला हवी.

आता नेक काढल्यावर उरलेली खाच बघा. १९६२ च्या शेवटापासून रंग मारताना बॉडी धरायला खाचेत एक काठी बसवलेली असायची, त्यामुळे खाचेत रंग न लागलेला एक पट्टा राहतो आणि पट्ट्याच्या कडेला रंगाची थोडी जाड रेघ साचलेली असते. १९६४ च्या स्ट्रॅटच्या खाचेत सगळीकडे एकसारखा चकचकीत रंग दिसला तर ती बॉडी बहुधा पुन्हा रंगवलेली आहे किंवा मुळात त्या काळातली नाहीच. पुन्हा रंगवलेली असणं हा गुन्हा नाही, ते लपवून ओरिजिनलच्या भावात विकणं हा आहे.

मग पॉट, म्हणजे आवाज आणि टोनच्या बटणांखालचे भाग. पिकगार्ड (बॉडीवरचं प्लॅस्टिकचं पान) उलटं केलं की पॉटच्या पाठीवर किंवा कडेला एक नंबर कोरलेला दिसतो, उदाहरणार्थ १३७ ६३२५, म्हणजे १३७ हा सीटीएस कंपनीचा कोड, ६३ साल आणि २५ वा आठवडा. ३०४ असेल तर स्टॅकपोल. ५० च्या दशकातल्या कोडात सालाचा एकच आकडा असतो. गिटार पॉटपेक्षा जुनी असूच शकत नाही, एवढं साधं गणित आहे, त्यामुळे ६३ ची म्हणून विकायला ठेवलेल्या गिटारीत ६५ चे पॉट निघाले तर एकतर पॉट बदललेत नाहीतर साल खोटं आहे. उलट दिशेने मात्र घाई करू नका, फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो ६० चं दशक संपेपर्यंत वापरला, म्हणून ६९ च्या गिटारीत ६६ चे पॉट असणं अगदी नॉर्मल आहे. सोल्डरही बघा, जुना सोल्डर मंद राखाडी होतो, आणि ६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत वायर कापडी आवरणाची असायची, प्लॅस्टिकची नाही.

बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी पटकन सांगतो. स्ट्रॅट आणि टेलीकास्टरवर रोझवूडचा फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची पट्टी) १९५९ पासून, आणि ६४ च्या शेवटापर्यंत त्यावरचे ठिपके मातकट रंगाचे, नंतर मोत्यासारखे चमकणारे. स्ट्रॅटचा मोठा हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक) १९६५ च्या शेवटापासून. स्ट्रॅटवर पिकअप निवडायचा पाच पोझिशनचा स्विच १९७७ पासून, त्याआधी तीन. हेडस्टॉकवरचं डिकॅल (लोगोचा स्टिकर) ५० आणि ६० च्या दशकात फिनिशच्या वर असायचं, त्याची कड तिरक्या उजेडात दिसते, ती वार्निशखाली पूर्ण बुडलेली असेल तर प्रश्न विचारा.

आणि ज्यामुळे फेंडर तपासायला सोपी आहे त्यामुळेच ती जुळवायलाही सोपी आहे. एक खरी ६४ ची गिटार फोडली की नेक एका गिटारीत, पिकअप दुसऱ्या, बॉडी तिसऱ्या असं होऊन तीन "६४ च्या" गिटारी बाजारात येतात आणि तिन्हींत दाखवायला काहीतरी खरं असतं. म्हणून नेकची तारीख खरी निघाली म्हणून खूश होऊन पुढचे फोटो मागायचं थांबवू नका. नेक, खाच, पॉट, पिकअप या सगळ्यांनी काही महिन्यांच्या फरकाने एकच काळ सांगायला पाहिजे.

गिब्सन: हेडस्टॉकची पाठ आणि पिकअपचं पोट

गिब्सनमध्ये सगळ्यात जास्त खोटेपणा १९५८ ते ६० च्या सनबर्स्ट (कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाच्या) लेस पॉलभोवती फिरतो, कारण त्या बनल्याच साधारण दीड हजार. अशी गिटार अनोळखी माणसाकडून ऑनलाइन, हातात न घेता, घेऊच नका. यावर माझं मत अजिबात लवचिक नाही. अशा गिटारी जाणकारांच्या हातातून फिरत असतात, त्यांचे जुने फोटो असतात, आधीचे मालक माहिती असतात, आणि त्यातलं काहीच नसलेली एक अचानक एखाद्या लिस्टिंगमध्ये उगवली तर तिला खरी मानायला काही आधारच नसतो.

बाकीच्या गिब्सनमध्ये हेडस्टॉकच्या पाठीपासून सुरू करा. १९५३ ते ६० सॉलिड बॉडीवर नंबर शाईने उठवलेला असतो आणि पहिला आकडा साल सांगतो, लेस पॉलच्या पहिल्या वर्षी, १९५२ ला, नंबर नव्हताच. १९६१ पासून नंबर लाकडात दाबून उमटवायला लागले. 'मेड इन यूएसए' हा दाबलेला शिक्का १९७० च्या सुमारास आला, त्यामुळे ६० च्या दशकातली म्हणून ठेवलेल्या गिटारीवर तो दिसला तर टॅब बंद करा. गंमत अशी की ६० च्या दशकात गिब्सनने तेच तेच नंबर वेगवेगळ्या वर्षांत पुन्हा वापरले, म्हणून नंबर टाकून "बघा ६४ ची निघाली" असं कोणी दाखवलं तरी ती ६७ ची असू शकते. तिथे नटची रुंदी कामाला येते, १९६५ मध्ये ती साधारण ४३ मिलिमीटरवरून ४० वर आली. नटवर पट्टी ठेवून फोटो मागायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

त्याच भागात दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे मोडलेली मान. १९६५ पर्यंत हेडस्टॉकचा कोन १७ अंशांचा होता आणि नटच्या मागे ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) खाचेमुळे लाकूड पातळ पडतं, त्यामुळे गिटार पडली की तिथेच तडकते. चिकटवून वरून रंग मारला की साध्या फोटोत काहीच कळत नाही. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारून फोटो मागा, जुनं नायट्रो लॅकर (त्या काळचं वार्निश) हिरवट पिवळं चमकतं आणि नंतर मारलेला रंग वेगळा, बऱ्याचदा गडद, डागासारखा उठून दिसतो. हीच युक्ती फेंडरवरही चालते, पण १९६८ च्या आसपास फेंडर जाड पॉलिएस्टरकडे वळली, त्यानंतरच्या गिटारींकडून तशा चमकेची अपेक्षा ठेवू नका.

पिकअपच्या पोटावरचा काळा स्टिकर सगळ्यांना हवा असतो. हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) १९५७ पासून, स्टिकरवर 'पेटंट अप्लाइड फॉर', आणि ६२ पासून पेटंट नंबरचा स्टिकर यायला लागला. त्यावरचा नंबर २,७३७,८४२ हा पिकअपच्या पेटंटचा नाहीच, तो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारा अडकवायच्या भागाच्या) पेटंटचा आहे. त्यामुळे कोणी गिब्सनचे इंजिनिअर सेथ लव्हर यांच्या हमबकरचा बरोबर नंबर, २,८९६,४९१, छापलेला स्टिकर ६३ चा म्हणून दाखवला तर तो स्टिकर कोणीतरी नंतर केलेला आहे. पण स्टिकर सुटे विकत मिळतात, म्हणून स्टिकरपेक्षा कव्हरच्या कडेचा सोल्डर कधी उघडलाय का, वायर कुठली आहे आणि कॅव्हिटीतले पॉट कुठल्या सालचे आहेत यावर जास्त भर द्या. पॉटचे कोड इथेही तसेच वाचायचे.

सरळसरळ स्वस्त नकली लेस पॉल ओळखणं त्या मानाने सोपं आहे. ट्रस रॉडच्या झाकणाला दोनऐवजी तीन स्क्रू, ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) खांब जाड आणि लाकडात बसवलेल्या धातूच्या नळीत (५० आणि ६० च्या दशकात ते बारीक आणि थेट लाकडात असायचे), बाईंडिंग (फ्रेटबोर्डच्या कडेची पट्टी) फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्या) टोकावर चढण्याऐवजी फ्रेटच बाईंडिंगवर चढलेले. शेवटचं मात्र एकट्याने धरू नका, फ्रेट बदलताना ती बाईंडिंगची टोकं घासली जातात.

खरा धोका नकलेपेक्षा रिइश्यूचा

स्वस्त नकलेला फसणारे कमी असतात, फसवणूक मोठी होते ती चांगल्या गिटारीत. गिब्सनच्या ५९ च्या रिइश्यूचा (म्हणजे कंपनीनेच नंतर काढलेल्या प्रतीचा) नंबरसुद्धा ९ ने सुरू होतो आणि शाईचाच असतो, म्हणजे मूळ गिटारीसारखाच दिसतो. कंट्रोल कॅव्हिटीत 'आर ९' असा शिक्का असतो, आणि तिथे नुकतंच घासलेलं पांढरट लाकूड दिसलं तर काय झालंय ते समजून घ्या. फेंडरच्या व्हिंटेज रिइश्यू १९८२ पासून येतायत, स्ट्रॅटच्या प्लेटवर 'व्ही' ने सुरू होणारा नंबर, प्लेट बदलली की तो गायब. शिवाय कस्टम शॉपने १९९५ पासून रेलिक, म्हणजे मुद्दाम झिजवलेल्या, गिटारी काढल्या, त्यामुळे झीज हा आता पुरावा राहिलेला नाही. झीज बघायची ती पटते का यासाठी, बॉडीवर हाताच्या जागी लाकूड उघडं पडलंय पण स्क्रूची डोकी कोरी आणि फ्रेटबोर्डच्या कडा धारदार असतील तर ती गिटार तेवढी वाजलेलीच नाही. आणि फिनिशला ब्लेडने पाडलेल्या भेगा सरळ आणि सारख्या अंतरावर असतात, थंडी-उष्णतेने पडलेल्या तशा नसतात.

७० आणि ८० च्या दशकातल्या जपानी कॉप्यांचा लोगो घासून गिब्सन लिहिलेल्या गिटारीही फिरतात. त्या वाजायला उत्तम असतात, पण आतला मिलिमीटरच्या मापाचा जपानी पॉट खोटं उघडं पाडतो.

मग घ्यायची कुठली

वाजवायला हवी असेल तर पुन्हा रंगवलेली ६० च्या दशकातली फेंडर, विक्रेत्याने स्वतःहून "रिफिनिश" लिहिलेली आणि टाच, खाच, पॉट असे तिन्ही फोटो दिलेली. रंग गेल्याने भाव बराच उतरतो, लाकूड आणि पिकअप तेच राहतात, आणि सगळ्यात मोठं खोटं जिथे लपतं ती जागा इथे आधीच मोकळी केलेली असते. गिब्सनच हवी असेल तर एसजी किंवा लेस पॉल ज्युनियर बघा, त्यांच्याभोवती लेस पॉल बर्स्टएवढी हाव नाही, पण यूव्हीचा फोटो आणि कॅव्हिटी बघितल्याशिवाय आगाऊ रक्कमसुद्धा देऊ नका. पूर्ण ओरिजिनल गिटार, कुठल्याही कंपनीची, फक्त व्हिंटेजच करणाऱ्या डीलरकडून आणि परत करायची मुदत लेखी असेल तरच.

खासगी विक्रेत्याला फोटो मागताना आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेला कागद गिटारीशेजारी ठेवायला सांगा, चोरलेले फोटो तिथेच उघडे पडतात. "नेक काढला तर गिटारची किंमत जाते" हे उत्तर मी ग्राह्य धरत नाही, त्या काळातले नेक सर्व्हिसिंगसाठी कितीतरी वेळा निघालेले असतात, आणि भीतीच वाटत असेल तर विक्रेत्याने ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावं, खर्च तुम्ही द्या. पैसे पाठवताना खरेदीदाराला संरक्षण असलेलाच मार्ग घ्या, "मित्राला पाठवतोय" प्रकारात पाठवलेले पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य असतं.

गिटार दुसऱ्या देशातून येणार असेल तर अजून एक. ६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन्ही कंपन्या फ्रेटबोर्डला ब्राझिलियन रोझवूड वापरायच्या, आणि ते लाकूड १९९२ पासून साइटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सीमा ओलांडायला परमिट लागतं. ते कोण काढणार, विक्रेता की तुम्ही, हे पैसे द्यायच्या आधी लेखी ठरवा, कारण कागदाशिवाय आलेली गिटार कस्टममध्ये जप्त होऊ शकते, मग ती कितीही खरी असो.