घोट्याला प्लेट: तिशीतला पाय आणि सत्तरीतला पाय

एक्सरेवर दोन घोटे हुबेहूब सारखे मोडलेले दिसू शकतात. बाहेरच्या बाजूचं बारीक हाड तिरकं तुटलंय, आतल्या घोट्याचा तुकडा निघालाय, मधलं हाड थोडं बाहेर सरकलंय. एक पाय २८ वर्षांच्या तरुणाचा, मैदानावर खेळताना मुरगळलेला. दुसरा ७२ वर्षांच्या आजींचा, शेवटची पायरी चुकून घसरलेला. डॉक्टर दोघांनाही ‘प्लेट टाकू’ म्हणतात आणि दोन्ही घरांत एकच प्रश्न सुरू होतो: खरंच टाकायलाच हवी का?

माझं मत आधीच सांगते. तरुण माणसाचा सांधा सरकला असेल तर ऑपरेशन टाळणं महागात पडतं. सत्तरीच्या पुढे मात्र तेच ऑपरेशन महागात पडण्याची शक्यता वाढते, आणि तिथे प्लास्टरचा पर्याय नीट विचारून घ्यायला हवा.

पण वयाच्या आधी एक गोष्ट पाहायची असते: घोटा स्थिर आहे की नाही.

घोट्याचा सांधा म्हणजे एक खाच. वरून आणि आतून नडगीचं हाड, बाहेरून बारीक हाड, आणि या खाचेत टॅलस नावाचं हाड घट्ट बसलेलं. फक्त बाहेरचं हाड तुटलं आणि आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा) शाबूत असेल, तर टॅलस जागचा हलत नाही. असा घोटा कुठल्याही वयात बिनऑपरेशनचा बरा होतो. फिनलंडमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा स्थिर फ्रॅक्चरना ६ आठवडे प्लास्टर, ३ आठवडे प्लास्टर आणि ३ आठवडे साधा आधारपट्टा असे तीन उपचार देऊन पाहिले. वर्षभरानंतर ३ आठवडेवाले मागे पडले नव्हते. म्हणून पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न ‘हाड किती ठिकाणी तुटलंय’ हा नाही. ‘सांधा सरकतोय का, आणि ते तुम्ही कशावरून ठरवलंत’ हा आहे. झोपून काढलेल्या साध्या एक्सरेत जागेवर दिसणारा सांधा पायावर भार देऊन काढलेल्या एक्सरेत उघडलेला दिसू शकतो. उलट, आतल्या बाजूला दुखतंय आणि सूज आहे एवढ्यावरून लिगामेंट फाटलंय असं धरून चालत नाही.

इथून पुढचं सगळं अस्थिर घोट्याबद्दल आहे.

तरुण पाय

टॅलस १ मिलिमीटर बाहेर सरकला की सांध्यातल्या पृष्ठभागांचा एकमेकांशी येणारा संपर्क सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, हे १९७६ मध्ये मृतदेहांच्या घोट्यांवर मोजलं गेलं. शरीराचं वजन तेवढंच, पण ते पेलणारी जागा जवळजवळ अर्ध्यावर आली. कूर्चा, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत अस्तर, झिजायला लागते. तिशीतल्या माणसाला हा सांधा अजून चाळीस-पन्नास वर्षं वापरायचा आहे, आणि झिजलेल्या घोट्यावर गुडघ्या-खुब्याइतके खात्रीचे उपाय नाहीत. म्हणून तरुणांत हाडं अचूक जागेवर बसवणं हे प्लेट टाकण्यामागचं खरं कारण. लवकर चालता यावं हा त्यातला वरचा फायदा.

तरुणाच्या बाजूने आणखी दोन गोष्टी असतात: हाड टणक असतं आणि कातडी जिवंत. स्क्रू घट्ट पकडतो. बारीक, पातळ प्लेट आणि तुटलेले तुकडे एकमेकांवर दाबणारा एक तिरका स्क्रू, एवढ्यावर बऱ्याचदा काम होतं. नडगी आणि बारीक हाड यांना खाली जोडून ठेवणारा बांध फाटला असेल तर त्यासाठी वेगळा स्क्रू किंवा मजबूत दोरा घालावा लागतो. हे तरुणांच्या जोरदार मुरगळण्यात बरेचदा दिसतं, आणि ऑपरेशनमध्ये ते तपासलं गेलं का, हे विचारायला हरकत नाही.

तरुणांचा त्रास नंतर सुरू होतो. घोट्यावर मांस जवळजवळ नसतंच. बूट घातला की प्लेट टोचते, थंडीत ठणकते, मांडी घालून बसलं की जमिनीला लागते. हाड पूर्ण जुळल्यावर काही जण ती काढून घेतात, म्हणजे दुसरं ऑपरेशन. पावलाच्या वरच्या भागाला संवेदना देणारी एक नस नेमकी चिऱ्याच्या वाटेत असते; ती दुखावली तर तिथे बधिरपणा येतो. सिगारेट ओढणाऱ्याची जखम भरायला आणि हाड जुळायला वेळ लागतो. हाड जुळेपर्यंत सिगारेट सोडणं हा डॉक्टरच्या हाती नसलेला पण निकालावर परिणाम करणारा भाग आहे.

वयस्क पाय

इथे चित्र उलटं होतं. हाड भुसभुशीत झालेलं असतं, त्यामुळे स्क्रू फिरतो पण पकडत नाही. कातडी कागदासारखी. सूज चटकन चढते आणि सावकाश उतरते. पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असू शकतो. शिवाय एक गोष्ट एक्सरेत कुठेच दिसत नाही: सत्तरीतल्या माणसाला एका पायावर कुबड्यांनी उड्या मारत चालता येत नाही. ‘सहा आठवडे पाय टेकवायचा नाही’ असं सांगितलं की त्याचा प्रत्यक्ष अर्थ अंथरूण किंवा खुर्ची असा होतो. स्नायू आटतात, तोल जातो, घर सुटतं.

मग प्लास्टर का नको? जुनं उत्तर असं, की साध्या प्लास्टरमध्ये सूज उतरली की हाडं आतल्या आत सरकतात. हे खरं आहे. पण ब्रिटनमध्ये साठीच्या वरच्या ६२० लोकांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा विषय पुन्हा उघडला. अस्थिर फ्रॅक्चर असलेल्या निम्म्या लोकांचं ऑपरेशन केलं. उरलेल्यांना भूल देऊन, हाडं हाताने बसवून, फार कमी कापूस घालून पायाच्या आकाराला घट्ट साच्यासारखं प्लास्टर घातलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचं चालणं-फिरणं जवळपास सारखं होतं. जखमेचा संसर्ग किंवा जखम उसवणं ऑपरेशनच्या गटात १० टक्के, प्लास्टरच्या गटात १ टक्का. एक्सरेवर हाड वाकडं जुळणं मात्र प्लास्टरमध्ये १५ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ३ टक्के. तीन वर्षांनंतरही दोन्ही गट चालण्या-फिरण्यात सारखेच राहिले.

हे आकडे वाचून प्लास्टरकडे धाव घेण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. ज्यांना सुरुवातीला असं प्लास्टर घातलं, त्यांच्यातल्या सुमारे १९ टक्के लोकांचं हाड जागेवर न राहिल्यामुळे पुढे ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत वारंवार एक्सरे हवा. दुसरं, ते प्लास्टर शिकलेल्या हातांनी, ऑपरेशन थिएटरमध्ये घातलेलं होतं. अपघात विभागात घाईत गुंडाळलेली पट्टी म्हणजे तो उपचार नव्हे. तुमच्या डॉक्टरांना ही पद्धत येत नसेल तर तुमच्यासाठी हा पर्याय उपलब्ध नाही, असंच धरा.

सांधा पूर्ण निखळलेला आहे आणि बसवूनही बसत नाही, किंवा हाड कातडीबाहेर आलंय, तर वय कितीही असो, ऑपरेशनला पर्याय उरत नाही.

प्लेटचीही निवड असते

भुसभुशीत हाडासाठी लॉकिंग प्लेट सुचवली जाते. तिच्यात स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी बसतं, त्यामुळे हाडाची पकड सुटली तरी सांगाडा लगेच ढासळत नाही. तर्क पटतो, पण अशा प्लेट अनेकदा जाड असतात आणि पातळ कातडीखाली जाड धातू हे चांगलं लक्षण नाही. साधी प्लेट हाडाच्या मागच्या बाजूला लावली तर खालचा तुकडा मागे-वर सरकायला अडसर होतो आणि कातडीखाली धातूही येत नाही. मागून जाणाऱ्या स्नायूरज्जूंना मात्र ती घासू शकते. वयस्कांसाठी मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो तिसरा मार्ग: छोट्या छिद्रातून बारीक हाडाच्या पोकळीत सरकवलेली सळई. ६५ वर्षांवरच्या १०० जणांवर झालेल्या एका अभ्यासात प्लेटच्या गटातल्या १६ टक्के लोकांना घोट्याच्या बाहेरच्या बाजूच्या जखमेचा संसर्ग झाला, सळईच्या गटात एकालाही नाही. अभ्यास लहान आहे, तरी कातडी खराब असेल तर ‘सळई चालेल का’ एवढं विचारून पाहाच.

मधुमेह

जुना मधुमेह असेल आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर वरची तरुण-वयस्क विभागणी बाजूला ठेवा. अशा पायात ऑपरेशनही धोक्याचं आणि ऑपरेशन न करणंही. दुखत नाही म्हणून माणूस मोडक्या पायावर चालतो आणि सांधा कोसळतो. ऑपरेशन केलंच तर नेहमीपेक्षा जास्त स्क्रू घालून भक्कम बांधणी करतात आणि पाय टेकवायला नेहमीपेक्षा बराच उशीर लावतात. पंचेचाळिशीतला बधिर पायाचा मधुमेही या हिशेबात ठणठणीत सत्तरीच्या माणसापेक्षा वयस्क आहे.

कधी ऑपरेशन, कधी पाऊल

घोटा फुगून चकचकीत झाला असेल, पाण्याचे फोड आले असतील, तर त्या दिवशी चिरा देणं घातक. कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत आठवडाभर, कधी दोन आठवडे थांबतात. या थांबण्याला नातेवाईक ‘हयगय’ म्हणतात आणि डॉक्टरवर दबाव आणतात. कृपया आणू नका. पाय उंच ठेवायला मदत करा, तीच खरी घाई.

ऑपरेशननंतर पाय कधी टेकवायचा, याचं उत्तर अलीकडे बदललंय. ब्रिटनमधल्याच २०२४ च्या अभ्यासात ५६१ जणांपैकी काहींना दोन आठवड्यांनी आणि काहींना सहा आठवड्यांनी वजन द्यायला सांगितलं; लवकर टेकवणाऱ्यांचं नुकसान झालं नाही. तरुणाला यामुळे कामावर लवकर परतता येतं. वयस्काला यामुळे अंथरुणाला खिळणं टळतं, आणि मला हा फायदा जास्त मोलाचा वाटतो. तुमच्या प्लेट-स्क्रूच्या बांधणीला ते झेपेल का, हे तुमच्याच सर्जनना विचारा. गाडीची घाई मात्र करू नका: उजव्या घोट्याच्या ऑपरेशननंतर ब्रेक दाबायचा वेग पूर्ववत व्हायला सुमारे नऊ आठवडे लागतात.

आणि घरातली वयस्क व्यक्ती साध्या घसरण्याने पडून घोटा मोडला असेल, तर प्लेट टाकली काय किंवा प्लास्टर घातलं काय, हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्वाची पातळी त्याच काही आठवड्यांत तपासून घ्या. का पडल्या, हेही पाहा: चक्कर, नजर, रक्तदाबाची गोळी, रात्री बाथरूमच्या वाटेवरचा अंधार.