पार्ल्याच्या काकूंचा परदेशी फराळ: ॲरिझोनात पोचलेली दोन खोकी

पार्ले पूर्वेला, हनुमान रस्त्याच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावर काकूंचं घर आहे. दाराला पाटी नाही. गल्लीत कुणालाही ‘फराळवाल्या काकू’ म्हटलं की बोट दाखवतात. वर्षभर भाजण्या, मेतकूट, चिवडा चालू असतो, आणि गणपती गेले की परदेशी फराळाची नोंदणी सुरू होते. २०२४ मध्ये आईने त्यांच्याकडून मला दोनदा खोकं पाठवलं, दिवाळीला आणि मग नाताळच्या सुट्टीत. मी तेव्हा अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळ मेसा इथे, कमर्शियल पायलट लायसन्ससाठी उड्डाणाचे तास पूर्ण करत होते. परत आल्यापासून तिकडे मुलं असलेल्या चार जणींनी आईला विचारून झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी चकली, कारण परदेशी फराळाची परीक्षा चकलीतच होते. काकू ती पिशवीत भरत नाहीत. उभट प्लॅस्टिकच्या बरणीत एकावर एक चळत रचतात. आई समोर बसून बघत होती. आधी सगळ्या चकल्या परातीत मांडायच्या, त्यातून बरणीच्या घेराएवढ्याच वेचायच्या, दर तीन चकल्यांनंतर बटरपेपरची गोल चकती, आणि झाकणाखाली टिश्यूपेपरचा घट्ट बोळा. मग काकू बरणी कानाशी धरून हलवतात. आत जरा जरी खडखडलं तरी झाकण काढून परत रचतात. माझ्या पहिल्या बरणीत २४ चकल्या होत्या, त्यातल्या २२ अख्ख्या पोचल्या. चवीला घरच्यासारख्या, धण्याजिऱ्याचा वास शाबूत. घरी खायच्या चकलीला मोहन सढळ हाताने घालायचं, प्रवासाच्या चकलीला हात आखडता घ्यायचा, असा काकूंचा हिशेब आहे. त्यामुळे ती किंचित कडक लागते, पण वाटेत भुगा होत नाही.

बेसनाचे लाडूही असेच विचार करून केलेले. आमच्या घरचे लाडू ऑक्टोबर हीटमध्ये डब्यातच बसतात, मग विमानतळाच्या गोदामांमधून फिरताना काय होईल? काकू परदेशी लाडवांना तूप कमी घेतात आणि बेसन जास्त खमंग भाजतात. प्रत्येक लाडू वेगळ्या कागदात. एकही बसला नव्हता. वेलदोडा भरपूर, बेदाणा एकच आणि तोही वर, आजीच्या पद्धतीचा.

चिवडा पातळ पोह्यांचा, खोबऱ्याचे काप तळून लालसर केलेले. त्याबद्दल एक गोष्ट मला तिकडे जाऊनच कळली. मुंबईत डबा तासभर उघडा राहिला तरी चिवडा सादळतो. मेसाच्या वाळवंटी कोरड्या हवेत आमचा डबा पंधरा दिवस अर्धवट उघडा होता आणि शेवटचा घासही कुरकुरीत होता. तिकडे मूल असेल तर चिवडा दुप्पट मागवा.

आता उणं. रव्याच्या लाडवाला तिसऱ्या आठवड्यात खवट वास यायला लागला, खोबऱ्यामुळेच असणार. दहा करंज्यांपैकी चार फुटून आल्या आणि सारण डब्यात सांडलेलं. साट्याची नाजूक करंजी इतक्या लांबच्या प्रवासाला पाठवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. शंकरपाळे मला फार गोड वाटले. आणि धनत्रयोदशीच्या आसपास काकूंचा फोन लागत नाही. आईला दोनदा रिक्षा करून जावं लागलं, ते पैसे आणि तो वेळ कुणीतरी धरायला हवा. मात्र आईने करंजीचं आणि लाडवाचं सांगितलं तेव्हा काकूंनी वाद घातला नाही. वहीत लिहून घेतलं, आणि डिसेंबरच्या खोक्यात दोन्हींच्या जागी कडबोळी आणि जास्तीचे बेसनलाडू आले.

उशीर झाला तो काकूंमुळे नाही. त्या खोकं बांधून देतात, पुढे कुरिअर तुम्ही निवडायचं. आईने निवडलेल्या कुरिअर कंपनीने १८ ऑक्टोबरला खोकं घेतलं आणि ते मुंबईतच चार दिवस पडून राहिलं. फोन केला की ‘निघालंय मॅडम’ एवढंच. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, ३ ला भाऊबीज, आणि खोकं माझ्या दारात ४ तारखेला. बहुतेक अमेरिकेसारखं ॲरिझोना उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ पुढेमागे करत नाही, त्यामुळे आपल्यात आणि त्यांच्यात बारमाही साडेबारा तासांचा फरक. पार्ल्यात संध्याकाळी साडेसहाला पूजा चालली होती तेव्हा माझ्याकडे त्याच दिवसाची सकाळचे सहा. मी टॉर्च घेऊन सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या टाकीतलं इंधन काचेच्या नळीत काढून पाणी आहे का बघत होते. आईने फोन पूजेसमोर धरला. लाह्याबत्ताशांचं ताट दिसलं आणि मी फोन खिशात टाकून परत नळी उजेडासमोर धरली. त्या दिवशी नाश्त्याला ब्रेड होता. चार दिवसांच्या त्या ढिलाईचा राग मला अजून आहे.

खर्चाचं गणित आधी समजून घ्या. कुरिअरवाले वजन आणि आकारमान दोन्ही बघतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकाराला ५००० ने भागायचं. आमचं खोकं ४० बाय ३० बाय २५, म्हणजे सहा किलो, जरी आतला माल सव्वापाचच होता. चिवडा हलका पण जागाखाऊ, लाडू जड पण आटोपशीर. काकूंचा भाचा हे बरोबर ओळखतो. बरण्यांच्या मधल्या फटीत तो थर्माकोल कोंबत नाही, चिवड्याच्या छोट्या पुड्या बसवतो. विमानात सामान आणि माणसं बसवताना आम्ही जो वजनाचा तक्ता मांडतो, तसाच तो खोकं मांडतो. एक सूचना त्याने आपणहून केली: दुबईला पाठवायचं असेल तर अनारसे घेऊ नका, कारण त्यावरची खसखस तिकडे बंदी असलेल्या मालात मोडते. अशी माहिती देणारा विक्रेता मला मोलाचा वाटतो.

दुसरं खोकं मात्र वेळेत आलं. कुरिअर बदललं, २ डिसेंबरला नोंदवलं, १३ ला हातात. आणि खरी गरज तेव्हाच होती. थँक्सगिव्हिंगपासून आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये वर्दळ कमी होत जाते. इन्स्ट्रक्टर घरी जातात, ते नाहीत तर शिकवणीची उड्डाणं नाहीत. २४ ते २६ डिसेंबर तर कुलूपच. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आमच्या तिघांच्याच सायकली उरल्या. मी, नाशिकची रूममेट आणि सांगलीचा एक मुलगा. तिघांचेही तास अडकलेले, प्रत्येक दिवसाचं भाडं मात्र चालू. संध्याकाळी टेबलावर डबे उघडायचे, चिवड्यावर कांदा-लिंबू, आणि एकमेकांना अभ्यासातले हवामानाचे प्रश्न विचारायचे.

२४ ला शेजारच्या आजींनी घरी केलेल्या कुकीजचं ताट आणून दिलं. ताट रिकामं परत कसं करायचं? रूममेटने त्यावर बेसनलाडू, कडबोळी, चकल्या मांडल्या आणि आम्ही तिघं देऊन आलो. आजींनी चकली हातात फिरवून फिरवून बघितली आणि हे हाताने वळलंय का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताट आमच्या दारात परत, वर संत्री. मग आम्ही पुन्हा चिवडा दिला. हे १ जानेवारीपर्यंत चाललं आणि मला त्या सुट्टीतलं सगळ्यात जास्त तेच आठवतं.

२९ ला माझी लांबची सोलो, म्हणजे एकटीने करायचं उड्डाण होतं, ३०० नॉटिकल मैलांचं. वाटेत फ्लॅगस्टाफला उतरायचं होतं, तिथला विमानतळच ७,००० फुटांवर आहे. उत्तरेला जाताना १०,५०० फूट धरले. शेजारच्या सीटवरच्या पिशवीत काकूंची कडबोळ्यांची पुडी आणि तिकडच्या दुकानातलं वेफर्सचं पाकीट. वर हवेचा दाब कमी होतो, तशी पाकिटातली हवा पसरते. पाकीट पुरीसारखं टम्म फुगलं आणि शिवणीवर फट्कन उसवलं, एकटीच असल्याने मी दचकले. इंजिनाचे काटे तपासले, सगळं ठीक. काकूंच्या पुडीतली हवा सील करण्याआधी हाताने दाबून काढलेली असते, ती जेमतेम गुबगुबीत झाली. फ्लॅगस्टाफला बाजूला बर्फ साठलेलं, थंडी कडाक्याची. तिथे विमानाला टेकून मी ती पुडी संपवली आणि मग इंधन भरलं.

आता मी पार्ल्यात आहे, लायसन्स इकडे रूपांतरित करायचे कागद चालू आहेत. गेल्या आठवड्यात दोन्ही रिकाम्या बरण्या धुऊन काकूंकडे घेऊन गेले. त्यांनी झाकणं घट्ट बसतात का ते बघितलं आणि विचारलं, “किती फुटल्या होत्या गं?” मी म्हटलं, “पहिल्या वेळी दोन, दुसऱ्या वेळी एकही नाही.” त्यांनी ते वहीत लिहिलं.

आमच्या ओळखीतली एक मुलगी त्याच स्कूलमध्ये चालली आहे. तिच्यासाठी नोंदणी करून आले: चकलीची एक बरणी, बेसनलाडू एक किलो, चिवडा दोन किलो. रव्याचे लाडू नाहीत, करंज्या नाहीत. तिच्या बॅगेतूनच जाणार आहे.