पालकाला नत्र किती द्यावे: हेक्टरी 40, 80 की 120 किलो?

आधी हिशेब. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असते. म्हणजे हेक्टरी 40 किलो नत्राला साधारण 87 किलो युरिया लागतो, 80 ला 174 आणि 120 ला 261. शेणखत भरपूर घातले असेल तर त्यातले नत्रही यात धरायचे, पण सगळे नाही. ते हळूहळू सुटते आणि पहिल्या पिकाला त्यातला काही भागच मिळतो.

40 किलोवर पालक वाढतो, पण पान लहान राहते. हलक्या जमिनीत दुसऱ्या कापणीपर्यंत खालची जुनी पाने पिवळी पडू लागतात, कारण नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. शेंगवर्गीय पिकानंतर पालक घेतला असेल आणि एकच कापणी करायची असेल, तर एवढे पुरते.

40 वरून 80 वर गेल्यावर फरक डोळ्यांना दिसतो: पान रुंद, फुटवा जोमदार, कापल्यावर पुन्हा लवकर भरणारा. 80 वरून 120 वर जाताना तेवढी उडी मिळत नाही. ताजे वजन वाढलेही, तरी त्या वाढीत पाण्याचा वाटा मोठा असतो. काळपट हिरवे, लुसलुशीत पान वाफ्यात देखणे दिसते खरे, पण काढल्यावर लवकर मलूल होते आणि मावा ही रस शोषणारी कीडही अशाच कोवळ्या पानावर चढते. स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) किंवा पाणीच कमी पडत असेल, तर वरचे नत्र निव्वळ वाया.

माझ्या मते खरी अडचण नायट्रेटची, म्हणजे मुळे मातीतून घेतात त्या नत्राच्या रूपाची, आहे. झाडाला वापरता येत नाही ते नायट्रेट पानात, त्याहून जास्त देठात साठते. पालकाला ही खोड मुळातच आहे. खाण्यातून ते जास्त जाऊ नये म्हणून युरोपीय संघात ताज्या पालकासाठी किलोमागे 3500 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ऊन कमी असले की साठा वाढतो, म्हणून ढगाळ दिवसांत 120 चा विचारही करू नये. कापणी पहाटेऐवजी दुपारनंतर केली तर नायट्रेट थोडे कमी भरते. मात्र उन्हात पान सुकते, तेव्हा काढल्याबरोबर सावलीत न्यावे.

तीन-चार कापण्या घ्यायच्या असतील तर मी 80 घेईन, तेही एकदम नाही: थोडे पेरणीला, बाकीचे प्रत्येक कापणीनंतर हप्त्याने. पेरणीलाच सगळा युरिया टाकला तर उगवणीला धोका, आणि मुळे खोल जाण्याआधी बरेचसे नायट्रेट पाण्याबरोबर खाली निघून जाते. मातीवर नुसता फेकून ठेवलेला युरियाही काही प्रमाणात अमोनिया होऊन उडतो. टाकल्यावर लगेच हलके पाणी द्यावे.

120 फक्त फार हलक्या, सेंद्रिय कर्ब (शेणखत, पालापाचोळा कुजून येणारा कार्बन) कमी असलेल्या जमिनीत, कापण्या जास्त घ्यायच्या असतील आणि ऊन चांगले असेल तरच. तिथेही आधी 80 वर एक वाफा ठेवून शेजारी ताडून पाहा. दोन्हीकडचा पालक काढल्यावर लगेच तोला आणि एक रात्र ठेवून पुन्हा तोला.