काचेची स्मोकिंग रूम, गार्डन की पूर्ण बंदी? सांगली-मिरजेत हॉटेल काढणाऱ्यांसाठी

सांगली-मिरज पट्ट्यात नवं हॉटेल किंवा परमिट रूम काढणारा, नाहीतर जुन्याचं काम काढणारा मालक एक प्रश्न हमखास विचारतो. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी काचेची वेगळी खोली बांधू, का सगळीकडेच बंदी ठेवू? आपल्याकडे तिसरा प्रकारही सर्रास चालतो: आत एसीत बंदी, मागे गार्डनमध्ये मोकळीक. परमिट रूमच्या काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तिन्ही प्रकार जवळून पाहिले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गार्डन, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. ‘उघड्यावर चालतंय की’ असं विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत कुणीही सांगेल. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखालचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. त्यातल्या रेस्टॉरंटच्या व्याख्येत बार आणि पब तर येतातच, शिवाय त्या जागेभोवतीची मोकळी जागाही येते. म्हणजे गार्डनमधलं टेबल आणि एसीतलं टेबल, कायद्याला दोन्ही सारखीच. शिवाय आपलं गार्डन खऱ्या अर्थाने उघडं असतं ते दिवाळी ते शिमगा. पावसाळ्यात वर पत्रे येतात, बाजूने ताडपत्री बांधली जाते, आणि मग धूर पत्र्याखालीच घुटमळत राहतो. शेजारच्या टेबलावर मटण-भाकरी खाणाऱ्या कुटुंबाला तो आतल्याइतकाच लागतो.

आता काचेची खोली. ती कायदेशीर आहे, पण ३० किंवा जास्त माणसं बसतील अशा रेस्टॉरंटला आणि ३० खोल्यांच्या हॉटेललाच. तुमची बैठक २४ जणांची असेल तर हा पर्याय तिथेच संपला. बैठक मोठी असली तरी चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप बंद होणारं दार हवं, आतली हवा थेट इमारतीबाहेर जायला हवी आणि खोलीतला दाब बाकी हॉलपेक्षा कमी राहायला हवा, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेरून आत ओढली जाईल. खोली येण्याजाण्याच्या वाटेवर चालत नाही. प्लायवूडचं पार्टिशन आणि खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन, एवढ्यावर ‘स्मोकिंग झोन’ची पाटी लावणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

आपल्याकडची खरी अडचण विजेची. महावितरणची वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि बिलिंगचा कॉम्प्युटर चालतो. एक्झॉस्टची मोटर त्यावर कुणी जोडत नाही. ती थांबली की कमी दाब संपला. मग वेटर दारापासून चार फुटांवर असला तरी त्याच्या शर्टाला वास येतो.

आणि जी गोष्ट मालकांना सहसा कुणी सांगत नाही ती अशी: २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्या खोलीत कुठलीही सेवा देता येत नाही. ग्लास नाही, चकणा नाही, ऑर्डरही नाही. ज्या गिऱ्हाइकाला पेग समोर ठेवून निवांत ओढत बसायचं आहे, त्याच्या दृष्टीने ही खोली आणि गेटबाहेरचा रस्ता यांत फार फरक उरत नाही. तुमची मात्र दोन टेबलांची जागा गेली, मोटरचं बिल वाढलं, आणि रात्री ती खोली झाडायला कोणत्या पोऱ्याला पाठवायचं हा प्रश्न रोजचा झाला.

पूर्ण बंदीबद्दलची भीती एकच असते: गिऱ्हाईक तुटेल. ती मी हलक्यात घेत नाही. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्याही आत होते. जवळपास पाव लोक मळून किंवा चघळून तंबाखू खाणारे. परमिट रूममध्ये ओढणाऱ्यांचं प्रमाण यापेक्षा खूप जास्त असतं, हे कबूल. तरी रोजचा गल्ला तपासा. मिरजेत दवाखान्यांमुळे कर्नाटकातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पेशंटचे नातेवाईक सतत येतात, रात्रीचं जेवण हॉटेलातच करतात, आणि त्यांच्यासोबत कधी नुकता डिस्चार्ज मिळालेला माणूसही असतो. धुराच्या वासाने दारातूनच माघारी गेलेलं असं कुटुंब कुठल्याच बिलात दिसत नाही.

परदेशातही हीच भीती होती. आयर्लंडने मार्च २००४ मध्ये देशभर कामाच्या जागी, म्हणजे पबमध्येही, बंदी आणली. इंग्लंडने जुलै २००७ मध्ये. फक्त दारूवर चालणाऱ्या काही पबना फटका बसल्याची तक्रार तिथे झाली, पण कराच्या नोंदींवरून झालेल्या बहुतेक अभ्यासांत रेस्टॉरंट-बारच्या एकूण धंद्यात टिकाऊ घट दिसली नाही. आपला धंदा तर निम्माअधिक जेवणावर उभा असतो.

माझ्या लेखी निर्णय ठरतो तो वेटरमुळे. गिऱ्हाईक दोन तास बसतं, पोरगं दहा-बारा तास त्याच हवेत असतं. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये बारमधली सिगारेट बंद झाली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरांची आधी आणि नंतर तपासणी झाली. आधी ३९ जणांना खोकला, घरघर, धाप अशा तक्रारी होत्या. बंदीनंतर काही आठवड्यांतच त्यातल्या २३ जणांच्या तक्रारी गेल्या. आपल्या हॉटेलांत बाराही महिने खोकणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि ‘हवा बदलली’ म्हणून त्यांना खोकल्याचं औषध आणून देणारे मालकही.

बंदी पाळून घेणं मात्र सोपं नाही, विशेषतः पहिला महिना. रात्री दहाला तिसऱ्या पेगवर असलेल्या नेहमीच्या माणसाला नवा वेटर अडवू शकत नाही, ते काम मॅनेजरचंच. ‘दादा, गेटबाहेर जाऊन या, टेबल तुमचंच हाय’ एवढं वाक्य बहुतेकांना पुरतं. तो उठला की ग्लास टेबलावरच राहिला पाहिजे, दारू घेऊन रस्त्यावर जाऊ द्यायचं नाही. त्याचं बिल तोवर कोण बघणार हेही ठरवून ठेवा. आणि राखेसाठी पाण्याची वाटी देण्याची जुनी सवय पहिल्या दिवशीच मोडा: ॲशट्रे, काडेपेटी, लायटर देणं नियमात बसत नाही. ओढणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंत. तक्रार येऊनही मॅनेजरने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितक्यांचा दंड त्याच्यावर. रक्कम किरकोळ आहे, तिच्या भीतीने कुणी निर्णय घेऊ नये.

हुक्क्याचा विचार मनात असेल तर तो काढूनच टाका. २०१८ च्या राज्य दुरुस्तीने महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर बंदी आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगाची आहे.

तर माझा सल्ला: हायवेवर मोठं लॉजिंग असेल, जनरेटर असेल, रात्री दोनला खाली उतरून गेटबाहेर जाणं पाहुण्याला गैरसोयीचं असेल, तर खोली बांधा आणि नियमाप्रमाणेच बांधा. गावातल्या पन्नास-साठ जणांच्या हॉटेलला तो खर्च निघत नाही. तिथे सरळ पूर्ण बंदी, गार्डनसकट. किमान ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी प्रत्येक प्रवेशदारी लावा आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव तिच्यावर लिहा. ते नाव वेटरचं नको, तुमचं किंवा मॅनेजरचं हवं.