एअरलेस स्प्रे यंत्राची शोषण नळी : लवचीक की ताठ?

एअरलेस यंत्र म्हणजे हवा न मिसळता, केवळ उच्च दाबाने रंग फवारणारे यंत्र. त्याचा पंप शोषण नळीतून, म्हणजे बादलीतल्या रंगात बुडवलेल्या नळीतून, रंग ओढून घेतो तो केवळ वातावरणाच्या दाबावर. म्हणून शोषणाच्या बाजूला फट पडली, तर रंग बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते, परतीच्या (रंग बादलीत परत सोडणाऱ्या) नळीतून बुडबुडे येतात आणि फवारा तुटक पडतो. हा दोष लवचीक नळीत जास्त आढळतो, कारण तिला सांधे अधिक असतात आणि प्रत्येक सांध्यातील ओ-रिंग (सांधा हवाबंद ठेवणारे रबरी कडे) झिजते.

लवचीक नळीची खरी अडचण मात्र आतल्या थराची आहे. 1 इंच आतील व्यास आणि दीड मीटर लांबी असलेल्या नळीत सुमारे पाऊण लिटर रंग राहतो. तो पूर्ण धुतला गेला नाही, तर वाळलेली पापुद्री पुढच्या वेळी नळी वाकवताच सुटते आणि पंपाच्या प्रवेश-झडपेतील गोळीखाली अडकते. शिवाय तेलरंगासाठी वापरलेल्या थिनरने साध्या रबराचे अस्तर फुगते, जे बाहेरून दिसत नाही.

ताठ धातूची नळी ब्रशने आरपार घासता येते, थिनरला दाद देत नाही, आणि तिची देखभाल तोंडाशी असलेली गाळण-जाळी धुणे व एक ओ-रिंग तपासणे एवढ्यावरच संपते. अर्थात, यंत्र बादलीशेजारीच ठेवावे लागते. मोठ्या पिंपातून दिवसभर काम करणाऱ्याने लवचीक नळीच घ्यावी, पण रोज धुवावी. घरगुती कामाला, माझ्या मते, ताठ नळी पुरते.