आजीला चिखलदऱ्याला कधी न्यावं: दसऱ्याला की भाऊबीज झाल्यावर?

खाली अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगावच्या सपाटीवर आजी आणि वर डोंगरात चिखलदऱ्याला नोकरीच्या निमित्तानं राहणारी लेक, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. कुणाचा जावई शाळेत मास्तर, कुणाचा वनखात्यात, कुणाचा दवाखान्यात. पाऊस ओसरायला लागला की लेकीचे फोन सुरू होतात, "आईले पाठवा ना आता." उन्हाळ्यात वर पाण्याची टंचाई असते. आषाढ-श्रावणात सारं गाव ढगात बुडालेलं असतं. पौष-माघातली तिथली थंडी म्हाताऱ्या हाडांना सोसत नाही. उरतात आश्विन आणि कार्तिक, आणि त्यातही प्रत्यक्षात दोनच वेळा जमतात. एक तर दसऱ्याच्या सुमारास न्यायचं आणि दिवाळीपर्यंत ठेवायचं, नाहीतर भाऊबीज आटोपल्यावर न्यायचं.

माझी आजी या दोन्ही वेळांना आत्याकडे राहून आली आहे. दोन्ही खेपांना तिची तब्येत, तिचं मन आणि खालच्या घराची ओढाताण मी जवळून पाहिली. चिखलदऱ्याला फिरायला जाणाऱ्यांसाठी माहिती ढिगानं मिळते, पण पंच्याहत्तरीच्या बाईला लेकीकडे दोन-तीन आठवडे निवांत राहायचं असेल तर काय पाहून ठरवावं, हे कुठं सापडत नाही.

आधी पंचांग उघडा

लोक ठरवताना "दसऱ्याला जाऊ" म्हणतात, पण दसरा दरवर्षी एकाच हवेत येत नाही. 2025 मध्ये तो 2 ऑक्टोबरला होता. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळं तोच दसरा 20 ऑक्टोबरला येतो आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. या अठरा दिवसांच्या फरकानं सगळं बदलतं. विदर्भातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. दसरा लवकर आला तर वर अजून धुकं असतं, भिंती ओल्या असतात, लुगडं दोन दिवस वाळत नाही. दसरा उशिरा आला तर पाऊस निघून गेलेला, रान अजून हिरवं, ओढे वाहते आणि ऊन कोवळं. आजीला याहून चांगले दिवस वर्षभरात मिळायचे नाहीत.

भाऊबीजेनंतरच्या बेतालाही हेच लागू पडतं, फक्त उलट्या बाजूनं. लवकर दिवाळीच्या वर्षी, म्हणजे 2025 सारख्या, भाऊबीज 23 ऑक्टोबरला होऊन जाते आणि पुढचे दोन-तीन आठवडे वर सुखाचे असतात. दिवाळी नोव्हेंबरमध्ये गेली की भाऊबीजेनंतर आजी वर पोचेपर्यंत नोव्हेंबरचा मध्य येतो आणि पहाटेचा गारठा अंगाला झोंबायला लागतो.

चिखलदरा 1118 मीटर उंचीवर आहे, अमरावती साधारण साडेतीनशे मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, असा ठोकताळा आहे. त्या हिशेबानं खालच्यापेक्षा वर पाचेक अंश कमी धरायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे पाच अंश म्हणजे सुख असतं. नोव्हेंबरच्या पहाटे मात्र त्याच पाच अंशांसाठी दुसरी वाकळ काढावी लागते. उंचीमुळं श्वास लागेल, ऑक्सिजन कमी पडेल, अशी भीती काही घरांत असते. ती मनातून काढून टाका. उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. चिखलदऱ्यात आजीला धाप लागली तर ती चढामुळं, थंडीमुळं किंवा तिच्या मूळच्या दुखण्यामुळं लागेल, आणि ते दुखणं डॉक्टरांना दाखवायला हवं.

दम्याची आजी असेल तर ओल आणि बुरशी तिला थंडीहून जास्त छळते. तिच्यासाठी लवकर आलेला दसरा टाळाच. सांध्यांची आजी असेल तर उलट, ओल ती निभावून नेते, पण नोव्हेंबरचा गारठा तिचे गुडघे धरतो. आणि कार्तिकस्नानाचा नेम असलेली आजी उजाडायच्या आत अंघोळ केल्याशिवाय राहत नाही. लेकीच्या घरी त्या वेळी गरम पाण्याची सोय आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या. आजी स्वतः मागणार नाही, थंड पाणीच अंगावर घेईल.

शेत कुणावर सोडायचं

इथं भाऊबीजेनंतरची बाजू जड आहे. दसरा ते दिवाळी म्हणजे सोयाबीनचा हंगाम. कापणी, गंजी, मळणी, मजुरांची जमवाजमव आणि वर आभाळाकडे लक्ष. सून दिवसभर वावरात असते तेव्हा घर आजीच सांभाळत असते. लहान पोर, दूध, दारावर आलेला माणूस, सगळं तिच्याकडे. तिला त्याच दिवसांत पाठवायचं तर घरातला एक आधार काढून घ्यायचा, आणि तिला पोचवायला जाणाऱ्या माणसाचा दिवस मोडायचा तो वेगळाच. भाऊबीजेनंतर कापूस वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी चालू असते, पण जीव टांगणीला लागलेला नसतो.

तरीही एवढ्यावरून बेत पक्का करू नये. शेतीत मोकळा महिना येतच नाही, आणि "हे आटोपू दे, मग पाठवू" म्हणत कित्येक आज्यांची लेकीकडची खेप वर्षानुवर्षं राहून जाते. सोयाबीनच्या आठवड्यात शेजारची बाई किंवा धाकटी जाऊ दुपारी घरात बसू शकत असेल, तर आजीला अडवू नका.

लेकीच्या घरी तिचं मन कुठं रमतं

माझ्या लेखी याला हवेइतकंच वजन आहे. आपल्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. खेड्यात संध्याकाळी पोरी दारोदार गाणी म्हणत फिरतात, खिरापत ओळखायला लावतात. वर क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत वाढणाऱ्या नातीला हे सहसा मिळत नाही. शेजारी कुणी कोरकू, कुणी गवळी, कुणी बदलीवर आलेलं परजिल्ह्यातलं कुटुंब. आजी त्या दिवसांत घरात असली की भुलाबाई-भुलोजी मांडले जातात, गाणी तिला पाठ असतात, आणि दोन दिवसांत आजूबाजूच्या पोरी जमायला लागतात. माझ्या आतेबहिणीला ती गाणी आली ती आजीच्या दसऱ्याच्या खेपेमुळं. शाळा चालू असल्यामुळं पोरं दिवसा घरी नसतात, हे खरं. पण भुलाबाई संध्याकाळचीच, त्यामुळं काही अडत नाही. दुपारी आजीला विसावा मिळतो, लेकीशी बोलायला वेळ मिळतो. कोजागिरीचं दूध आटवायला वर दुधाला तोटा नाही. मोथ्याकडचे गवळी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखून आहेत, आणि चिखलदऱ्याचा खवा आणि रबडी सगळा जिल्हा वाखाणतो.

भाऊबीजेनंतर गेलं तर पोरांना सुट्ट्या असतात, दिवसभर आजीच्या भोवती असतात. फराळाचे डबे बरोबर नेता येतात. पण त्याच सुट्ट्यांत चिखलदऱ्याला गर्दी लोटते. पॉइंटांवर गाड्यांची रांग, हॉटेलांत कल्ला, आणि लेकीकडेही पाहुणे येऊन थडकतात, कारण चिखलदऱ्याला घर असणाऱ्याकडे सगळ्यांनाच जायचं असतं. आजीच्या वाट्याला मग लेक येत नाही, स्वयंपाकघरात राबणाऱ्या लेकीची पाठ येते.

आणखी एक गोष्ट आहे, जी आजी तोंडानं बोलत नाही. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, याचं दडपण त्या पिढीच्या बायकांच्या मनावर असतं. जावई कितीही चांगला असो. दसऱ्याला नेलं की परतीचा दिवस आपोआप ठरतो, कारण लेक भाऊबीजेला माहेरी येणारच असते आणि आईला ती स्वतःच घेऊन उतरते. "किती दिवस झाले, आता निघायला पाहिजे" हा विषय निघतच नाही. भाऊबीजेनंतर गेलेली आजी लेकीच्या सोबतीनं वर जाते, हे सोयीचं. पण परतीला मुदत नसते. लेक राहा म्हणते, आजी आठवडाभरातच पिशवी भरून ठेवते.

काकडा हाही भाग आहे. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावच्या देवळात पहाटेचा काकडा असतो आणि ज्यांची उमर त्यात गेली त्यांना तो चुकलेला सहन होत नाही. माझी आजी दसऱ्याच्या खेपेला कोजागिरीनंतर थोडी अस्वस्थ झाली ती यामुळंच. भाऊबीजेनंतर गेलं तर काकड्याचा पुढचा अर्धा भाग आणि तुळशीचं लग्न हातचं जातं. तुळशीचं लग्न लेकीच्या अंगणात लावता येतं, काकड्याला मात्र गावच लागतं. तुमची आजी काकड्याची असेल तर घटस्थापनेला वर नेऊन कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी उतरवणं हा मधला मार्ग आहे. दसरा उशिराचा असेल त्या वर्षी तो उत्तम जमतो.

माझा कौल

उशिरा दसऱ्याच्या वर्षी दुसरा विचार करू नका, दसऱ्यालाच न्या आणि दिवाळीला लेकीबरोबर उतरू द्या. सोयाबीनची अडचण होईल, ती घरातल्या बाकीच्यांनी वाटून घ्यावी. लवकर दसऱ्याच्या वर्षी दमा, खोकला असलेल्या आजीसाठी भाऊबीजेनंतरचाच बेत. धडधाकट आजीला अशा वर्षीही दसरा होऊन गेल्यावर, कोजागिरीच्या तोंडावर नेता येतं. ऐन दिवाळी वर करावी का, असंही काही घरांत निघतं. माझ्या मते नको. पाडव्याला आणि भाऊबीजेला आजीच्या घराचं दार उघडं हवं, तिच्या इतर लेकी कुठं येतील?

फिरणं आणि दवाखाना

फिरण्यासाठी वेळ निवडू नका. गाविलगडाची चाल आजीला झेपणारी नाही. देवी पॉइंटला देवळाकडे पायऱ्या उतरून जावं लागतं आणि पावसाळ्यानंतर त्या ओल्या असतात, म्हणून नवरात्रात तिनं हट्ट धरला तरी हात धरूनच न्या. पंचबोल पॉइंट आणि भीमकुंड बघायला चाल फार नाही. कीचकाला मारून भीमानं भीमकुंडात हात धुतले, ही गोष्ट नातवंडांना सांगायला आजीइतकं योग्य माणूस नाही. दसऱ्याच्या सुमारास दरीत पाणी कोसळताना दिसतं, दिवाळीनंतर धार बारीक होते.

आश्विनात गवतावर बसू देऊ नका. पावसाळ्यानंतरच्या गवतात बारीक किडे असतात आणि त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफसचा ताप येतो. ताप आला तर अंगावर काढू नये. खाली सतरंजी, झोपताना मच्छरदाणी. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, त्याहून मोठं उपजिल्हा रुग्णालय अचलपूरला, आणि तज्ज्ञांसाठी अमरावती. रात्री घाट उतरून जायची वेळ येऊ नये म्हणून बीपी-साखरेच्या गोळ्या मुक्कामापेक्षा आठ दिवस जास्तीच्याच घ्या.

घाट

परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत. धामणगाव गढीवरून गेलं तर साधारण तीस किलोमीटर. घटांगवरून जाणारी वाट त्याहून लांब पडते आणि जंगलातून जाते. नेहमीसाठी धामणगाव गढीचीच बरी, लवकर पोचवते. पावसानं दरड आली असेल किंवा सुट्ट्यांच्या गर्दीमुळं वाहतूक वळवली असेल तर घटांग. परतवाड्याच्या स्टँडवर विचारलं की त्या दिवशीची खरी परिस्थिती कळते.

वाहनाचं म्हणाल तर आजी एसटीनं जाऊ शकते, आणि माझ्या आजीला तीच आवडते. पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी मोफत आहे, आणि मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. आधार कार्ड पिशवीत तळाशी नको, हाताशी ठेवा. एसटीची पायरी उंच असते, चढवायला आणि उतरवायला माणूस लागतोच. मागच्या चाकावरची सीट घाटात पोट ढवळून काढते, पुढची खिडकी धरा. गुडघे फार धरलेले असतील तर मात्र परतवाड्यापर्यंत एसटी आणि पुढं गाडी करा. काळीपिवळीत दाटीवाटीनं बसवून तिला घाट चढवू नका.

सकाळी पोटभर जेवून निघू देऊ नका. एखादी भाकर, चहा, एवढंच. परतवाड्यात उतरून पाय मोकळे करू द्या, लघवीला जाऊन येऊ द्या, तासभर लागला तरी चालेल. म्हाताऱ्या बायका वाटेत थांबायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि वर पोचल्यावर चक्कर येते ती त्यामुळं. दुपारी दोनच्या आत घाट लागला पाहिजे, म्हणजे दिवस मावळायच्या कितीतरी आधी ती लेकीच्या दारात असेल.